अष्टमीचा भांग

माझ्या मुलीचं लग्न एका मात्रेवरून मोडता मोडता राहिलं. मात्रा म्हणजे देवनागरीतली, अक्षराच्या डोक्यावर तिरकी बसते ती.

मुलगी पुण्यात नोकरीला. तिथेच तिनं मालवणकडचा मुलगा पसंत केला. मुलगा सालस, त्याचे वडील निवृत्त मुख्याध्यापक, जन्मभर मराठी शिकवलेले. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. तर या होऊ घातलेल्या इवायांचा एप्रिलात फोन आला. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे फोन स्पीकरवर होता आणि भोवती सगळं खानदान.

"मेच्या अखेरीस या," ते म्हणाले. "पावसाळ्यात समुद्र बंद व्हायच्या आत एकदा गरवायला जाऊ."

गरवायला म्हणजे गळानं मासे धरायला, हे मला जावयानं आधीच सांगितलेलं. मी ताबडतोब जाहीर केलं की मासेमारी हा माझा जुना नाद. खरं म्हणजे मी आमच्याकडच्या एका तलावावर दोन रविवार कणकेच्या गोळ्या पाण्यात सोडल्या होत्या, आणि मासे जेवून निघून गेले होते. पण नागपूरच्या माणसाला समुद्राबद्दल बोलताना अनुभवाची अडचण येत नाही. खोटं पकडायला समुद्र जवळपास कुठेच नाही.

"मग अष्टमीच धरा," इवाई खूश होऊन म्हणाले. "अष्टमीला भांग असतो. भांगाला गरवण्यासारखी मजा नाही! आम्ही सगळे जातो, घरातल्या बायकासुद्धा. सूनबाईलाही शिकवू."

फोन बंद झाला. 

"भांग?" बायको म्हणाली.

माझ्या थोरल्या भावाला फार मोठा धक्का बसला, पण त्याला काही बोलता येईना, कारण तोंडात खर्रा होता. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा आमचा शहरी पौष्टिक आहार. तो गॅलरीत जाऊन आला, मोकळा झाला आणि गरजला, "पोरगी भंगेड्यायच्या घरात देऊन राहिला का गा तू?"

"पेग घेनं वेगळं," मेहुणा म्हणाला. नात्यातल्या प्रत्येक लग्नात हॉलमागे गाडीची डिक्की उघडून उभा असतो तो हा. "पेग म्हणजे सोसायटी. भांग म्हणजे नशा."

वहिनीनं तेवढ्यात एक शंका काढली. "पण ते 'भांगाला' म्हनले. आपन 'भांगेला' म्हनतो नं?"

"कोकनातल्या लोकायचं तसंच असते वं!" भावानं निकाल दिला आणि दुसरी पन्नी सोडली.

मुलीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे सांगितलं, "बाबा, हे असलं मी त्यांना विचारणार नाही. तुम्ही विचारलंत तर मी कोर्टात लग्न करीन, तुम्ही फोटो बघा."

म्हणजे विचारायचं नाही, आणि कळायला तर हवं. यावर बायकोनं मार्ग काढला. ती हसत नव्हती. "तुमी एकटे जा. डोळ्यानं पाहून या. खरं असलं तं तिथूनच नाही म्हनून या. पोरगी रडंल, वर्षभर रडंल. जन्मभर तं नाही रडनार."

मी निघालो, तो गुप्तहेर होऊन. आमच्या महाल भागातल्या दुकानातून थंडाईचा मसाला घेतला. योजना अशी: आपण थंडाई पुढे करायची, इवाई खिशातून भांगेची गोळी काढतील, आणि मी पुराव्यासह उठून उभा राहीन. उभं राहून काय बोलायचं, ते मी रेल्वेच्या वरच्या बर्थवर पडून चार-पाच वेळा बोलून पाहिलं. खालच्या बाईंनी जागा बदलून घेतली.

इवायांचं घर स्वच्छ, माणसं मितभाषी. सकाळी त्यांच्या मुलीनं घावणे वाढले. तिच्याकडे दूध मागून मी थर्मास भरला. अष्टमी होती. आम्ही दोघं खडकावर गेलो. माझा थाट बघण्यासारखा होता: गॉगल, खिसेवालं जाकीट, ऑनलाइन मागवलेला घडीचा रॉड आणि डब्यात कणकेच्या गोळ्या. इवाई अर्ध्या चड्डीत, हातात लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा. बस्स. त्यांनी माझ्या कणकेकडे पाहिलं, सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं आणि माझ्या गळाला कोळंबी लावून दिली.

बराच वेळ गेला. समुद्र अगदी गरीब दिसत होता. मी घसा साफ केला, थर्मास उघडला, दोन पेले भरले आणि नाटकातल्यासारखा थांबून म्हणालो, "इवाई, थंडाई आमची. आता भांग काढा."

"काय काढू?"

"भांग. लाजू नका. आपण एका घरचे होणार."

"भांग काढू?" ते गोंधळून म्हणाले. "तो काय पिशवीत आणलाय? तो बघा समोर पसरलाय!" आणि त्यांनी अख्ख्या अरबी समुद्राकडे हात केला.

मला वाटलं, यांनी घरूनच घेऊन ठेवली आहे.

पण त्यांनी वर्गात सांगावं तसं सावकाश सांगितलं. अमावास्या-पौर्णिमेला समुद्र खूप चढतो नि खूप उतरतो, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला थोडा चढतो, थोडा उतरतो, तो भांग. पाण्याला ओढ नसते, म्हणून गळ जागेवर राहतो. "तो भांग, पुल्लिंगी. त्याचं भांगाला. तुम्ही पिता ती भांग, स्त्रीलिंगी. तिचं भांगेला. एका मात्रेचा फरक." मग ते एकदम थांबले. "म्हणजे महिनाभर तुमच्या घरी आम्ही भंगेडी?"

समुद्रात उडी मारायला ती उत्तम वेळ होती. पण मला पोहता येत नाही.

"हो," मी म्हणालो.

"आणि तसं निघालं असतं तर?"

"लग्न मोडून यायचं, असा घरचा हुकूम आहे."

"सूनबाईला माहीत आहे, तुम्ही हे बघायला आलात ते?"

"तिनं विचारू नका म्हणून बजावलं होतं. विचारलं तर कोर्टात लग्न करीन म्हणाली."

मी हसलो असतो, पण ते हसत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे कोर्टातला फोटो आला, आणि त्यात मी कुठेच नव्हतो. तंगूस बोटावर गुंडाळत ते म्हणाले, "नागपुराहून इथवर आलात. फक्त बघायला."

"चुकलंच जी. माफ करा."

"चुकलं नाही. सकाळी तुम्हाला घावणे वाढले ना, ती माझी मुलगी. तिच्या वेळी मी फोनवर होकार दिला. माणसं मोठी, बंगला मोठा. मी साधा एसटीत बसून बघायला गेलो नाही. दोन वर्षांत परत आली." त्यांनी पेला उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर फार. लग्न ठरलं असं घरी कळवा."

मी काहीतरी मोठं, शोभेलसं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात माझा रॉड वाकला. आम्ही दोघांनी मिळून तांबोशी वर ओढली, वीतभर. इवाई म्हणाले, लहान आहे. मी म्हणालो, नागपूरला पोचेपर्यंत मोठी होईल. तेव्हा कुठे ते हसले.

त्यांच्या घरी येऊन मी बायकोला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, मात्रेसकट. मला वाटलं, ती हसून लोळेल. पण ती म्हणाली, "त्या पोरीले लग्नाले ये म्हनलं का तुमी?"

"नाही बा. इवाई आणतीलच नं तिले."

"आनतील म्हंजे? ते सामान आहे का? द्या तिले फोन."

मी ओसरीवर जाऊन फोन दिला. नको नको म्हणत तिनं घेतला. पुढचा अर्धा तास ती खांबाला टेकून उभी होती. आधी नुसतं हो-हो, मग दोन-चार वाक्यं, मग साडीचा कुठलासा रंग. अंगणात नळापाशी मी आणि इवाई तांबोशी साफ करत बसलो होतो. ओसरीवरून पहिल्यांदा हसू आलं, तसे त्यांचे हात थांबले.

"पाणी जरा बारीक करा," ते हळूच म्हणाले. मी नळ बंदच केला.