खाटेखालचे कंद

बेबे, इकडं ये, बस माह्याजवळ अन् कान दे. कागदावर का होईना, आज मी तुले रागावणार आहे. दर महिन्याले तू यवतमाळले येतं, मोठ्या दवाखान्यात नंबर लावून बसतं, सुई घेतं अन् दारव्ह्याची एसटी धरून वापस जातं. दवाखान्यापासून माहं घर ऑटोनं दहा मिनिटं. हे मले तुह्याकडून नाही, आपल्या गावच्या शांतेकडून कळलं. मी डोळ्यात टाकायचे थेंब आणाले गेलती, तर ती रांगेत भेटली. म्हणे, "काय वं बाई, सख्खी बहीण वर्षभरापासून इथं येऊन राह्यली अन् तुले पत्ता नाही?" मी हसून वेळ मारून नेली. तुले काय झालं तेही तिनं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

गाव सोडलं तो दिवस तुले आठवत असंल. माह्या मालकाची तेरवी होऊन दोन दिवस झालते. प्रशांत छोटा हत्ती घेऊन आलता. माणूस चाळीस वर्षं एका घरात राहते अन् त्याचं सारं सामान एका छोट्या हत्तीत मावते, वर जागाही उरते. लेक म्हणे, आई, पुढं ड्रायव्हरजवळ बस. मी मागं खाटेवरच बसली. सारी गल्ली दारात उभी होती, फक्त तुहं दार लावलेलं. पण छपराच्या कवेलूतून धूर निघत होता, म्हणजे तू आत होती. तू शेजारणीच्या हाती फडक्यात भाकरी अन् ठेचा बांधून पाठवला. म्या तो हातही न लावता वापस केला. गल्लीनं पाह्यलं. आपली माय म्हणत असे, "एका गावात दोन लेकी देऊ नये म्हणतात, तरी मी देऊन राह्यली. गावाले फुकटचा तमाशा दाखवू नका." म्या दाखवला.

ज्यांले ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, नाही तर लोक म्हणतील दोघी बहिणी वावरावरून भांडल्या. भांडण फुलाच्या कंदावरून होतं.

माहे मालक सरकारी विश्रामगृहावर माळी होते. तिथं ग्लॅडिओलसचे ताटवे असत, उंच दांड्याचे. वारा आला की आडवे होत, मग प्रत्येकाले बांबूची कामटी बांधत बसा. एका साली कोणी बुटक्या जातीचे कंद आणले. ते कमरेच्या वर जात नव्हते अन् कामटीही मागत नव्हते. मालकानं त्या कंदांची फेकाले ठेवलेली पिल्लं, हरभऱ्याएवढी, खिशात घालून घरी आणली. पिल्लाले फूल याले दोन-तीन वर्षं लागतात. तुले आठवते, तू म्हणे, "भाऊजी, हा कांदा आहे का लसूण आहे, एकदाचं ठरवा." ते म्हणत, "थांब वं, बेबी." मग एका पौषात आंगणाच्या कडेनं लाल अन् फिकट पिवळी रांग उभी राह्यली. शाळेचे मास्तर सायकल थांबवून पाहत.

दरवर्षी पानं पिवळी पडली की ते कंद उपटत, सावलीत वाळवत, राख चोळत अन् आपल्या जुन्या बनियनमध्ये बांधून खाटेखाली आडव्या लाकडी पाटीले लटकवून ठेवत. तिथं हवा लागते अन् उंदराले पोचता येत नाही. दसरा झाला की गाठ सोडत. शेवटच्या साली अर्धं अंग गेलेलं, तरी खाटेवर पडून मले सांगत, हा उपट, तो राहू दे. गाठ मात्र त्यायनंच मारली, एका हातानं अन् दातानं.

मग चैत्रातली चतुर्थी आली. मी नवस बोललेली, कळंबच्या चिंतामणीले गेली. तू म्हटलं, जा बाई, मी बसते भाऊजीजवळ. पायऱ्या उतरून देवापुढं हात जोडले तेव्हा मले वाटलं, ऐकलं त्यानं. दुपारी जीपमधून उतरली तर आंगणात माणसं बसलेली.

आपल्यात रीत आहे. माणूस गेला की त्याचं अंथरूण, पांघरूण, अंगावरचे कपडे घरात ठेवत नाहीत. मी तर भिंतीले टेकून बसलेली, मले शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी तू घर सारवलं, खाट धुतली अन् सारं गाठोडं करून नाल्यावर नेऊन टाकलं. त्यात ते बनियनही गेलं. मले दोन दिवसांनी आठवलं. खाटेखाली हात घातला तर नुसती पाटी. नाल्यावर धावत गेली. डुकरांनी सारं उकरलेलं होतं.

तू चुलीजवळ होती. एवढंच म्हणाली, "बाई, मले वाटलं ते त्यायच्या अंगावरचंच आहे." अन् म्या पाहुण्यांसमोर म्हटलं, "तू त्यायले दुसऱ्यांदा मारलं. माह्या दाराले पुन्हा पाय लावू नको." तू पदर तोंडाले लावला अन् गेली. तू ते इतकं खरं मानशील असं वाटलं नव्हतं. पण तू लहानपणापासून तशीच आहे.

इथं आता तीन वर्षं झाली. स्लॅबचं घर आहे, कंपाउंडच्या आत हातभर रुंदीची मातीची पट्टी अन् बाकी सारं सिमेंट. शेजारीण दिग्रसची, समोरची आर्णीची. सगळ्या संध्याकाळी गेटाले धरून उभ्या असतात, जशा बसची वाट पाहून राह्यल्या. सून चांगली आहे. तिनं पहिल्याच दसऱ्याले नर्सरीतून बुटक्या ग्लॅडिओलसचे कंद आणले. मी आनंदानं पट्टीत लावले अन् रोज पाणी दिलं. काळी माती ती, पाणी धरून बसली. उपटून पाह्यलं तर सारे कंद मऊ, बोटानं दबत होते, वास येत होता. मले पाणी द्याचं तेवढं ठाऊक, रेती मिसळायचं काम ते करत. मी विचारलं कधी नाही.

दुसऱ्या साली रेती अन् शेणखत मिसळलं. कुंडीत पाच-सहा बोटं खोल, टोक वर, एकमेकांपासून दोन बोटं सोडून लावले. फुलं आली. कॉलनीतल्या पोरींनी फोटो काढले, मोबाइलवर कुठं कुठं पाठवले. मले वाटलं होतं, फुलं पाहून काही वाटेल. काहीच वाटलं नाही, बेबे. वाळकी पानं तोडावी तसं हात काम करत होते.

पण फाल्गुनात कंद उपटले तेव्हा मी तिथंच सिमेंटवर बसून राह्यली. लावलेला कंद खाली चिपाड होऊन चिकटलेला असते, अन् त्याच्या वर नवा बसलेला. दरवर्षी जुना मरते. खालचं चिपाड पिळून काढून टाकायचं असते. ते हे काम आंगणात बसून करत अन् मी स्वयंपाकघरातून पाहत असे, पण काय करून राह्यले ते कधी पाह्यलंच नाही. म्हणजे तू जे टाकलं त्यातला एकही विश्रामगृहावरून आणलेला नव्हता. मी कायले तुह्या अंगावर गेली?

तेव्हापासून या प्रश्नावर बसली आहे. हे नवे कंद सून कागदात गुंडाळून फ्रिजात खाली ठेवते, उन्हाळ्यात स्लॅब तापते म्हणून. एकदा प्रशांतनं त्यातला एक कांदा समजून भाजीले चिरला. सारे हसले, मीही हसली. अन् भांडी घासता घासता मले उत्तर कळलं. राग कंदाचा नव्हताच. चाळीस वर्षं मी त्यायच्याजवळ होती अन् त्या एका दुपारी तू होती. पाणी तू पाजलं, डोळे तू मिटवले. माहं ते तुले मिळालं, म्हणून म्या तुले हाकललं. कंदाचं निमित्त झालं.

कोणी विचारते, तुमचं घर कुठं? मी यवतमाळ सांगते. गावच्या घराले कुलूप आहे, किल्ली खिळ्याले टांगली आहे, तिकडं जावं असं वाटत नाही. ज्या आंगणात माणसं बसलेली पाह्यली तिथं जाऊन काय करू? त्या दुपारचं जे काही आहे ते फक्त तुह्याजवळ आहे, अन् तू दवाखान्याच्या बाकड्यावरून उठून परस्पर निघून जातं.

पुढच्या वेळी सुई झाली की स्टँडवर जाऊ नको. गेटाबाहेर प्रशांत उभा राहील, तू त्याले दुरूनच ओळखशील, बापासारखाच चालते. पायात बळ नसंल तर तसं सांग, मीच येऊन बाकड्यावर बसते. माफी मागाची ती तोंडानं मागीन, कागदावर नाही. भाकर मी करीन, तू आराम कर. अन् मग मले सांग, ते शेवटी काय बोलले. माहं नाव घेतलं नसंल तरी तसंच सांग. लवकर ये, बेबे. तुह्याशिवाय ते कोणालेच ठाऊक नाही.