वन्संचं मागे पडणारं घड्याळ

सिसिलियाचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर चढून घड्याळाला चावी देत होते. "वहिनी, बाई गेल्या," एवढंच ती म्हणाली. रविवार होता, नऊ वाजायला आले होते. चावीचे चार-पाच वेढे बाकी होते, ते पुरे केले आणि मगच खाली उतरले. कोणी म्हणेल, काय कोडगी बाई आहे! पण अर्धवट दिलेली चावी वन्संना चालली नसती.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, मंदाताई. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आणि वटारच्या वाडीत केळी, पानवेली आणि घरामागचं बावखल सांभाळत एकट्या राहिल्या. सिसिलिया त्यांची शेजारीण आणि जुनी विद्यार्थिनी. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या उतारावर मुलांना वरपासून खालपर्यंत उभं करून त्या विचारायच्या, "सांगा, कोण हळू म्हातारं होतंय?" उत्तर ठरलेलं, जो पाण्यापाशी आहे तो. पृथ्वीच्या जितकं जवळ, तितकी तिची ओढ जास्त आणि तितका वेळ सावकाश. मुलं खिदळत पाण्याकडे पळायची. मी नवी सून, मागच्या दारात तांदूळ निवडत हे ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बाईंना डोकं फार आहे, काम कमी. तोंडावर म्हणायची माझी काय बिशाद! भाजीत मीठ कमी असेल तर त्या "मीठ कमी आहे" एवढंच म्हणायच्या. पुढे "पण छान झालीय" हे कधी यायचंच नाही.

वटारचं घर सोडून आम्ही एव्हरशाईन सिटीत चौदाव्या मजल्यावर राहायला आलो, त्यानंतर काही वर्षांनी माझे यजमान गेले. ते वर्ष सरलं आणि वन्सं सासऱ्यांचं लंबकाचं घड्याळ चादरीत गुंडाळून रिक्षातून घेऊन आल्या. वटारला वर्षभर ते सेकंदाला पक्कं चालवून घेतलं होतं म्हणे. भिंतीवर टांगलं आणि म्हणाल्या, "रेखा, चावी दर रविवारी. बाकी हात लावायचा नाही." त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाराच्या आत हजर. आल्या की घड्याळासमोर खुर्ची ओढायची, मोबाइल काढायचा. बाराचा पहिला टोला पडला की मोबाइलमधले सेकंद बघायचे आणि वहीत काहीतरी लिहायचं. चहा त्यानंतर.

मी ओळखलं, ही तपासणी आहे. भावाच्या माघारी भावजय घरची वस्तू कशी ठेवते, ते बघायला येतात. आणि घड्याळ तर मेलं महिन्याला थोडं थोडं मागे पडायचं! नणंदेसमोर मागे पडलेलं घड्याळ? छे! मग दर शनिवारी संध्याकाळी मी काच उघडायचे, मोबाइल बघून काटा पुढे सारायचे आणि टोला बरोबर जुळवून ठेवायचे. जसे पाहुणे यायच्या आधी अभ्रे बदलतो, तसंच. सहा वर्षं एकही शनिवार चुकवला नाही. दुसऱ्या दिवशी वन्सं वहीत लिहायच्या, कपाळाला आठी घालायच्या आणि मी मनात खूश… काढा आता खोड!

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. मी तडक वटारला गेले, म्हटलं, "वन्सं, चला माझ्याकडे. लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे." म्हणाल्या, "नको गं. वर वेळ भरभर जातो. माझ्याकडे आता उरलाय थोडा, तो इथे खालीच पुरवते." मी चिडले. "किती फरक पडणार आहे असा?" तर म्हणाल्या, "पापणी लवायला लागतो त्या वेळाचे हजार तुकडे कर. चौदाव्या मजल्यावर वीस वर्षं राहिलीस तरी त्यातला एकसुद्धा भरणार नाही." "मग काय उपयोग त्याचा?" "उपयोग कशाला हवा? आहे ना, बस्स." आणि मग आवाज एकदम उतरला. "आहे असं मी म्हणते बाई. तुझ्याकडचं घड्याळ कुठे माझं ऐकतंय…"

"म्हणजे?" विचारलं, त्यांनी समजावून सांगितलं, तेव्हा कुठे मला कळलं. लंबकाला खाली खेचते पृथ्वीची ओढ. वर ओढ किंचित कमी, म्हणून लंबक तिथे रेंगाळतो आणि घड्याळ मागे पडतं. वेळ भरभर जाणं निराळं, लंबक रेंगाळणं निराळं. पण दोन्हींच्या मुळाशी ओढ एकच. वेळेचा फरक घरच्या घड्याळाला दिसण्यातला नाही, लंबकाचा तेवढा दिसतो, महिन्याला अठराएक सेकंद. जन्मभर फळ्यावर लिहिलेलं एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं, म्हणून त्या सहा वर्षं रिक्षाचे धक्के खात येत होत्या. आणि दर वेळी शून्य. "माझंच गणित कुठेतरी चुकलंय," त्या म्हणाल्या. "मुलांना काय शिकवलं कोण जाणे." शनिवारचं काही न सांगता तशीच घरी आले.

आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी परत गेले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, हसतील. कसल्या हसतात! "सहा वर्षं, रेखा? सहा वर्षं?" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. पंधरा दिवस फोन उचलला नाही. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आजारी माणसाकडून आपण त्याचा जन्मभराचा भरवसा काढून घेतलाय, हे काही सुखाने झोपू देत नाही. सोळाव्या दिवशी त्यांचाच फोन. "घड्याळ एकदा लावून ठेव. मग हात लावलास तर बघ! पुढच्या महिन्यात येते."

आल्या. सिसिलियाचा हात धरून लिफ्टमधून बाहेर पडल्या आणि थेट खुर्चीत बसल्या. पहिल्या महिन्यात घड्याळ पंचवीस सेकंद मागे, दुसऱ्या महिन्यात आणखी अकरा. "यात उकाड्या-गारव्याचाही हात आहे, लंबकाची दांडी लांबते-आखडते," म्हणाल्या, "पण मागेच आहे ना? मागेच आहे!" त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा घेतला आणि पोहे छान झालेत म्हणाल्या.

तिसऱ्या महिन्यात त्यांना उठवेना. टोला मीच घेतला. सिसिलियाला फोन लावला तर म्हणाली, "सकाळपासून फोनकडेच बघत पडल्यात. थांबा, कानाला लावते." मग वन्संचा आवाज, "किती?"

"अठरा, वन्सं."

"खोटं नाही ना बोलत?"

"नाही हो. तुमची शपथ."

"बरं," म्हणाल्या. "पुढच्या महिन्यातही घे." आणि पुढचा महिना काही त्यांनी पाहिला नाही.

दिवसकार्य झाल्यावर सिसिलियाने ती वही माझ्या हातात ठेवली. सहा वर्षांची शून्यं, एकाखाली एक. सगळ्यांवर एकच तिरकी रेघ आणि शेजारी वन्संच्या फळ्यावरच्या अक्षरात, 'या नोंदी धरू नयेत. कारण : पाहुणचार.' तिथे मात्र मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले.

घड्याळ आता मिनिटभराहून जास्त मागे आहे. येणारे-जाणारे सांगतात, लावून घ्या म्हणून. मी सांगते, असू दे. शनिवारी संध्याकाळी हात अजून सवयीने काचेकडे जातो, मग मीच तो मागे घेते. गेल्या रविवारी बाराच्या आधी खुर्ची ओढून बसले. टोला पडला, मोबाइल बघितला, मागच्या वेळचा फरक वजा केला आणि वहीत आकडा लिहिला. मग रिकाम्या घरात मोठ्याने म्हटलं,

"वन्सं, सतरा. हात लावलेला नाही."