साडूभाऊंचा भूमितीचा पेपर

माझ्या साडूभाऊंइतका दहावीच्या परीक्षेवर जीव असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. हातखंब्याच्या बाजूच्या एका शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं. शेवटी बोर्डाची परीक्षा आहे म्हणूनच मुलं शिकतात आणि मास्तर शिकवतात, ही त्यांची श्रद्धा. माझं मत नेमकं उलटं. परीक्षेपायी शिकणं बाजूला पडतं आणि वर्षभर नुसते पेपर सोडवले जातात, असं मी म्हणायचो. "तुमचे नापास झालेले आज तांडेल आहेत, अख्खी बोट सांभाळतात," असंही सुनावायचो. "पास झाले असते तर दोन सांभाळल्या असत्या!" असं म्हणून ते माझं तोंड बंद करायचे.

परीक्षेविना कुणाला सोडायचं नाही, हा खाक्या घरातही चाले. पंखा दुरुस्त करून निघालेल्या वायरमनला त्यांनी पडवीत उभं करून तोंडी प्रश्न विचारले होते. "फिरतोय खरा, पण का फिरतोय ते याला कळायला नको काय?" बिचारा पुन्हा त्या आळीत आला नाही.

मात्र हा नियम ते स्वतःलाही लावत. दर मार्चमध्ये भूमितीचा पेपर झाला की आळीतल्या कुणा दहावीच्या मुलाकडून प्रश्नपत्रिका मागून आणायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत टेबल मांडून स्वतः सोडवायला बसायचं. पर्यवेक्षक ताई, म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेव्हणी. एरवी नवऱ्यापुढे आवाज न चढवणारी ताई तेवढा वेळ कुणाची नसायची. साडूभाऊंची नजर जरा रस्त्याकडे वळली की, "मेल्या, कुठे बघतोस? मान खाली घाल!" आणि साडूभाऊ निमूटपणे "हो बाई" म्हणायचे. पुरवणी रीतसर दोऱ्यानं बांधायची. वेळ संपली की ताई अर्ध्या ओळीवरून पेपर ओढून घ्यायची. मग लाल पेनानं स्वतःच तपासायचं, आणि पैकीच्या पैकी घेऊन दिवसभर मिशीत हसायचं. "मास्तर शाबूत आहे की नाही, ते कळायला दुसरा उपाय नाही हो," म्हणायचे.

यंदा मीही पडवीत बसलो होतो, तेव्हा एका आकृतीपाशी त्यांचा हात थांबला. वर्तुळ काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. गेले काही महिने त्यांना नावं आठवत नव्हती, माणसं चुकत होती. पण गोष्ट भूमितीपर्यंत जाईल, असं आम्हाला वाटलं नव्हतं. वेळ संपली. ताईनं पेपर ओढला नाही, ती अंगणाकडे बघत राहिली. शेवटी त्यांनीच घड्याळ पाहिलं, पेन ठेवलं, आणि तपासून स्वतःला नापास केलं.

"म्हणजे मी आता मास्तर नाही, काय हो?" त्यांनी मला विचारलं.

"एका पेपरावरून माणूस ठरतो होय?" मी म्हणालो. हेच इतकी वर्षं चेष्टेत म्हणत आलो होतो. आज त्यांनी ते खरं मानावं, असं मला फार वाटत होतं.

"पेपरच कठीण होता," ताई म्हणाली.

"छे, सोपा होता." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "जुलैत फेरपरीक्षा असते. बसेन म्हणतो."

जुलैपर्यंत त्यांच्या डोक्यातलं काय काय पुसलं जाईल, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ताई म्हणाली, "बसा तर. मी आहे." आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दहावीची परीक्षा हवीशी वाटली.