कानातल्याची पाठवणी

लंडनहून (इंग्लंडचं नव्हे, आमचं ऑन्टारिओतलं) टोरोंटोची गाडी सुटली तेव्हाच मी दमले होते. बाहेर बर्फ, दुखरे गुडघे, आणि पर्समध्ये मोज्यात गुंडाळलेली मातीची एक चकती. मधोमध भोक, कडेला कोरलेलं पाखरू.

आमचे हे डॉक्टर. चाळीसेक वर्षांपूर्वी मेक्सिकोला कॉन्फरन्सला गेले, तिथल्या बाजारातून ती घेऊन आले. "फार जुनी आहे गं," म्हणाले. जुनी म्हटल्यावर सासूबाईंनी ती थेट देवघरात बसवली. तेव्हापासून रोज आंघोळ, हळदकुंकू. त्यांच्यामागे माझ्या हातून. आता हेही नाहीत. घर विकून मार्कहॅमला लेकीच्या कॉन्डोत जायचंय, आणि केतकीने आधीच बजावलंय, "आई, नो मोअर स्टफ." माझ्यामागे चकती कचऱ्यात जाईल, ह्या धास्तीने झोप उडाली होती. म्हणून म्यूझियमला द्यायची ठरवली.

युनियन स्टेशनवर कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाच्या पाट्या झळकत होत्या. केतकी न्यायला आली. स्ट्रीटकारने (रस्त्यावरच्या ट्रामने) म्यूझियम गाठलं. तिथल्या बाईंनी हातमोजे घालून चकती उलटसुलट पाहिली.

"हे कानातलं आहे. पाळीच्या भोकात बसवायचं. बहुतेक कुणा बाईच्या थडग्यातून काढलेलं. ह्यावर लाल रंग असायला हवा होता."

केतकी माझ्याकडे वळली. "आई, यू वॉश्ड इट!"

"रोज," मी म्हटलं. कपाळ माझं! सासूसुनांनी मिळून भक्तिभावाने रंग धुऊन काढला होता.

"तुमच्या मिस्टरांआधी कुणाचं होतं?"

"बाजारवाल्याचं."

"त्याच्याआधी?"

मला काय ठाऊक! कागद नाहीत, म्हणून त्या ठेवून घेईनात. मेक्सिकोच्या वकिलातीत परत देता येईल, म्हणाल्या.

"आणि ह्याची जोडी?" मी विचारलं.

"असेल अजून तिच्या दुसऱ्या कानाशी."

मला एकदम भरून आलं. ती बाई तिकडे एक कान भुंडा घेऊन पडलेली, आणि मी इकडे तिच्याच दागिन्याला नवस बोलत होते.

फूड कोर्टात बसून घरचा दहीभात खाल्ला. घरून निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवतो आपण. मी बोट बुडवून चकतीकडे नेलं, तर केतकीने मनगटच धरलं. "आई, नॉट अगेन!" दही मीच चाटलं.

वकिलातीतल्या मुलीने चकती दोन्ही हातांत घेतली. "ग्रासियास, सेन्योरा" (आभारी आहे, बाई), म्हणाली.

परतीच्या गाडीत रडू आलं. रिकाम्या मोज्यानेच डोळे पुसले. गणपती बोळवताना 'पुनरागमनाय च' म्हणतो आपण, म्हणजे परत या. वकिलातीच्या काउंटरवर सवयीने तेच ओठांवर आलं होतं. गिळून टाकलं. नीट जा बाई, म्हटलं मनात, आणि परत येऊ नकोस.