पासिंगची चाकं

वर्बानच्या तळघरात, आंबवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी, ताडपत्रीखाली चार चाकं ठेवलेली असत. द्रेनोव दोल गावात त्यांना पासिंगची चाकं म्हणत. त्यांच्या टायरांच्या खाचा अजून इतक्या खोल होत्या की काडीपेटीतल्या काडीचा गुल आत बुडायचा. अकरा वर्षांत ती चाकं फक्त तालुक्याच्या गावी जाऊन आली होती, चौदा किलोमीटर तिकडे आणि चौदा इकडे.

गावात अकरा गाड्या होत्या. सगळ्या लहान, सगळ्या दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या, कुठल्या तरी श्रीमंत देशात म्हाताऱ्या होऊन इकडे आलेल्या. वर्षातून एकदा प्रत्येकीला तपासणीला जावं लागे. आदल्या दिवशी गाडी वर्बानच्या अंगणात यायची. तो तिची गुळगुळीत झालेली चाकं काढायचा, ही चढवायचा. जिथे पत्रा सडला असेल तिथे जाळी कोंबून पुट्टीसारखी लांबी भरायचा, वरून डांबर फासायचा. सकाळी गाडी स्वतः घेऊन जायचा आणि दुपारी पास करून आणायचा. मग चाकं परत ताडपत्रीखाली, आणि गाडी आपल्या गुळगुळीत टायरांवर आपल्या घरी.

गावातली माणसं गाडी घ्यायला जात तेव्हा इंजिन ऐकत नसत, बोल्ट मोजत. चार बोल्ट, आणि वर्बानची चाकं बसतील एवढा घेर. मग बाकी काहीही असो.

एकोणीस वर्षांत त्याने नेलेली एकही गाडी नापास झाली नव्हती. तरुणपणी तो सामूहिक शेतीच्या ट्रॅक्टर डेपोत मेकॅनिक होता. मग शेती मोडली, डेपो मोडला, लोकांनी छपराची कौलंसुद्धा नेली. बायको त्सोन्का इटलीत कुणा म्हातारीची सेवा करायला गेली आणि वर्षाला एक महिना पाहुणीसारखी यायला लागली. जिथे काहीच दुरुस्त होत नव्हतं, तिथे वर्बान गाड्या पास करत राहिला. लोक त्याला उस्ताद म्हणत, आणि त्याला ते आवडे.

मग गेल्या नोव्हेंबरात ग्रोझदान गेला.

ग्रोझदान मधमाश्या पाळायचा. त्याची गाडी वर्बाननेच पास करून आणली होती, आठ दिवसांपूर्वी. पाऊस होता. दगडखाणीच्या वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ गेली. पोलिसांनी काचेमागचा पासिंगचा ताजा कागद पाहिला आणि अतिवेग असं लिहिलं. मागच्या सीटवर मधाच्या पेट्या घेऊन हिंडणारा ग्रोझदान जन्मात पन्नासच्या वर गेला नव्हता. गावाला हे माहीत होतं. गाडीखाली कुठले टायर होते आणि आठ दिवसांपूर्वी कुठले होते, तेही माहीत होतं. कुणी बोललं नाही, कारण बोलणाऱ्याची स्वतःची गाडीही त्याच चाकांवर पास झालेली होती.

दफनानंतर ग्रोझदानची आई, मित्रा आजी, साखर घातलेले उकडलेले गहू सगळ्यांना वाटत होती. वर्बानच्या हातात तिने कागदी पेला ठेवला.

"तुझी चाकं बरी आहेत ना रे?" तिने विचारलं. एखाद्याच्या पोरांची चौकशी करावी तसं.

"आहेत," तो म्हणाला. मेलेल्याच्या नावाचे गहू टाकून देत नाहीत, म्हणून त्याने ते तिथेच उभ्याने खाल्ले. दाणे चावून होईनात.

तिच्याकडे मुलाच्या फोटोचे छापलेले कागद होते. चाळीस दिवस झाल्यावर तिने ते गावातल्या दारोदारी चिकटवले, तशी रीतच आहे. सहा महिन्यांनी पुन्हा. वर्बानच्या फाटकावर तिने इतरांपेक्षा एक कागदही जास्त लावला नाही. त्याला वाटे, लावला असता तर बरं झालं असतं.

काम मात्र त्याने थांबवलं नाही. त्या साली ग्रोझदाननंतर नऊ गाड्या अंगणात आल्या आणि नऊही पास झाल्या. दरवेळी परत आल्यावर चांगली चाकं काढताना तो शेवटच्या बोल्टपाशी जरा रेंगाळायचा. मग काढायचा.

ऑक्टोबरात नेदाची पाळी आली.

नेदाची पांढरी गाडी चोवीस वर्षांची होती. दुकानासमोरच्या बाकावर बसणारे म्हणत, नेदाची गाडी जितक्या नेमाने पास होते तितक्या नेमाने आपली पोरं शाळेत पास झाली असती तर आज सोफियात हमाली करत नसती. नेदा साठीला गाडी शिकली, ती नवऱ्यापायी. इग्नातची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याला डायलिसिसला शहरात न्यायचं, बेचाळीस किलोमीटर. गावात बस आठवड्यातून एकदा, आणि तीही मंगळवारी. गाडी थांबली की इग्नात थांबला, इतकं ते सरळ होतं.

बुधवारी दुपारी, शहरातून परतल्यावर, तिने गाडी वर्बानच्या अंगणात लावली. तपासणी गुरुवारी. वर्बानने गाडी जॅकवर घेतली आणि खाली सरकला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, त्यामुळे हल्ली तो डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त बघायचा. पुढच्या चाकाचा दांडा जिथे सांगाड्याला धरतो तिथे त्याने पेचकस टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. ओढून काढला तर सोबत डांबराचा पापुद्रा आला, त्यामागे लांबी, त्यामागे जाळी. गेल्या वर्षीचं त्याचंच काम. भोवतालच्या पत्र्याला वेल्डिंग धरेल इतकाही जीव उरला नव्हता. चाक गाडीला सवयीने चिकटून होतं.

पेचकस त्याने पुसून बाजूला ठेवला. मग नेदा घेवड्याचं सूप घेऊन आली, तेव्हा तो खालून सरकून बाहेर आला.

"नेदा, ही गाडी आता चालवू नकोस."

"पास नाही होणार?"

"होईल."

"मग?" ती म्हणाली. पातेलं तिने बॉनेटवर ठेवलं. "एक फेरी चुकली तर त्याचे पाय सुजतात, वर्बान. दोन चुकल्या तर देवळात मरणाची घंटा वाजेल. तू पास करून आण."

ती गेल्यावर त्याने लांबीचा डबा उघडला आणि परत बंद केला. चाकं आणायला तो तळघरात उतरलाच नाही. तपासणीवरच्या लाझारलाच गाडी नापास करू दे, त्याने ठरवलं. शिक्का लाझारच्या हातात आहे, नाही त्याने म्हणावं. ते आपल्या तोंडून निघू नये, एवढंच त्याला हवं होतं.

सकाळी नेदाने रीतीप्रमाणे तांब्याभर पाणी आणलं, त्यात जिरेनियमचं फूल. परीक्षेला किंवा लांब निघालेल्याच्या वाटेवर ओततात तसं तिने ते गाडीपुढे ओतलं. पाणी ओतताना तिने चाकांकडे पाहिलं नाही. वर्बान हळूच त्या ओलीवरून निघाला.

तपासणीची जागा तालुक्याच्या गावाबाहेर, जुन्या पिठाच्या गोदामात होती. लाझार पूर्वी डेपोत वर्बानच्या हाताखाली पाने-पेचकस पुसायचा. आता तो तपासनीस होता, गुडघ्यांनी बाद झालेला. कॅमेरे लागल्यापासून तो सरकारी निळा डगला घालायचा. कॅमेरा गाडीला पुढून आणि मागून बघायचा. खालून बघायला खड्डा होता, आणि खड्ड्यात लाझार कधीच उतरत नसे. तो काठावरून विचारायचा, "खालून कशी?" वर्बान म्हणायचा, "नवरीसारखी." लाझार लिहायचा. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या दिवशी लाझारने आधी टायर पाहिले आणि वर्बानला बाजूला घेतलं.

"उस्ताद, चाकं विसरलास? म्हातारा झालास की." त्याने मागच्या खोलीकडे मान वळवली. "आत माझी पडली आहेत. लाव, आणि मग कॅमेऱ्यापुढे घे."

म्हणजे इथेही चार चाकं होती. वर्बानला हे माहीत नव्हतं.  आपलं एकट्याचं समजून जपलेलं पाप सरकारी सामानासारखं भिंतीला टेकून उभं होतं.

"विसरलो नाही," तो म्हणाला. "आणि खालून सडली आहे, लाझार. उतर आणि बघ."

लाझारने गाडीकडे पाहिलं. नंबर वाचला. आवाज खाली आणला.

"नेदाची ना ही? इग्नातला नेते ती?"

"हो."

"मग मला उतरायला सांगू नकोस. उतरलो तर दिसेल. दिसलं तर लिहीन. लिहिलं की त्या माणसाला मी मारला, माझ्या सहीने." त्याने डगल्याचं बटण लावलं. "नाही उतरलो, तर मग जे होईल ते रस्त्यावर होईल."

वर्बानने चाकं लावायला हात लावला नाही. लाझारनेच, गुडघे धरत, शिव्या देत, चारही बदलली. गाडी कॅमेऱ्यापुढून गेली, परत आली, चाकं पुन्हा उतरली. खालून कशी हे त्याने विचारलं नाही. नवरीसारखी असल्याचं स्वतःच लिहिलं आणि शिक्का मारला.

वर्बान परत निघाला तो बैलगाडीच्या वेगाने. दगडखाणीच्या वळणावर थांबला. खांबाला बांधलेली फुलं प्लास्टिकची होती म्हणून रंग धरून होती. मग पहिल्या गिअरमध्येच गाव गाठलं.

नेदा त्याच्या फाटकाशी उभी होती. तिथे नवा कागद होता, येत्या वर्षश्राद्धाचा, खळ अजून ओली. ग्रोझदान फोटोत हसत होता.

"झाली?"

"झाली."

तिने छातीवर क्रूस काढला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. त्याने किल्ली दिली नाही. गाडी अंगणात घेतली, जॅकवर चढवली, पेचकस तिच्या हातात दिला.

"वाक. इथे लाव. आता ढकल."

"माझे कपडे..."

"ढकल, नेदा."

तिने ढकलला. शिळ्या पावात शिरावा तसा तो आत गेला आणि तिची मूठ पत्र्याला टेकली. ती तशीच गुडघ्यांवर राहिली.

"गेल्या वर्षीही असंच होतं?"

"गेल्या वर्षी मी भरलं होतं."

"आणि ग्रोझदानचं?"

हा प्रश्न वर्षभरात त्याला कुणी विचारला नव्हता.

"ग्रोझदानचं चाकांपायी झालं," तो म्हणाला. "चांगली मी काढून घेतली. झिजलेली मीच लावली. आभाळ भरून आलं होतं, मी पाहिलं होतं."

नेदा उठली. गुडघ्यांची माती झटकली.  "उद्या शुक्रवार आहे," एवढंच म्हणाली.

वर्बान तळघरात उतरला. एकेक करत चारही चाकं वर आणली. त्याची स्वतःची गाडी शेडमध्ये होती. तिचा सांगाडा धड होता, ब्रेक धड होते, कारण डोळा गेल्यापासून ती फारशी हललीच नव्हती. त्याने चाकं तिला चढवली आणि प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला.

"मला नीट दिसत नाही. तू चालव," तो म्हणाला.

"आणि बाकीच्यांचं पासिंग?"

तो पाना पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेदाने स्वतःच पाणी ओतलं, स्वतःच स्टिअरिंगमागे बसली. इग्नात मागे घोंगडीत. वर्बान तिच्या शेजारी, काही उपयोग नसताना. वळणावर तिने वेग कमी केला. गाडी वळली.

पुढचे महिने गावाने त्याला माफ केलं नाही. लोक चाकं मागायला आले आणि चाकं रस्त्यावर आहेत हे ऐकून परत गेले. कुणी उसन्या चाकांसाठी लाझारकडे गेलं, तर उस्तादशिवाय आलेल्या अनोळखी गाडीपुढे लाझारला एकदम कायदा आठवला. त्या हिवाळ्यात सहा गाड्या तपासणीला गेल्या, पाच नापास झाल्या. दोन आलुबुखाराच्या बागेत उभ्या राहिल्या आणि त्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. तीन कागदाशिवायच जंगलातल्या रस्त्याने हिंडू लागल्या, जिथे पोलीस नसतात आणि कठडेही नसतात. बाकावरचे त्याला ऐकू जाईल असं बोलत, उस्ताद देवाची चाकं लावून फिरतो आणि आम्हाला पायी नरकात धाडतो. एका सकाळी त्याच्या फाटकाला कुणीतरी गुळगुळीत टायर लटकवून गेलं. त्याने तो काढला नाही.

इग्नात मार्चमध्ये गेला. रस्त्यावर नव्हे, एका रविवारी, आपल्या बिछान्यात. हृदय थांबलं. साठाच्या वर फेऱ्या झाल्या होत्या.

दफनानंतर नेदा गहू वाटत होती. वर्बानला पेला देताना तिने त्याच्या गाडीची किल्लीही त्याच्या हातात ठेवली. मित्रा आजी काठीवर रेलून जवळच उभी होती. तिने किल्ली पाहिली, वर्बानकडे पाहिलं, आणि दाणे चघळत राहिली.

स्मशानाच्या फाटकाशी दुकानदार कालिन्को त्याच्यासाठी थांबला होता. त्याच्या गाडीचा कागद त्याच आठवड्यात संपत होता.

"देव त्याला क्षमा करो," कालिन्को टोपी हातात घेऊन म्हणाला. मग अगदी साध्या आवाजात, "आता चाकं मोकळी झाली असतील ना, उस्ताद?"

वर्बानने काडीपेटी काढली. आपल्या गाडीपाशी वाकून एक काडी टायरच्या खाचेत उभी केली. गुल आता अर्धा बाहेर राहत होता. कालिन्कोही वाकला आणि बोटाने चाचपडून म्हणाला, "अजून निघतील की दोन वर्षं."

"निघतील," वर्बान म्हणाला. "याच गाडीखाली."

कालिन्कोने टोपी डोक्यावर ठेवली आणि बाजूला थुंकला. मग तो उताराने आपल्या गाडीकडे गेला. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. वर्बान हातात गव्हाचा पेला घेऊन तिथेच उभा राहिला. त्याची गुळगुळीत चाकं ओल्या रस्त्यावर लागल्याचा आवाज आला, मग खाणीच्या बाजूला जाताना येत राहिला.