इंदूताईंचं भिजत घातलेलं अस्तर

तमाम भगिनींना अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळविण्यात येते की, धाराशिवच्या आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या इंदूताईंनी उभ्या आयुष्यात एकही ब्लाऊज सांगितलेल्या दिवशी दिला नाही. माझ्या डोहाळजेवणाचा ब्लाऊज मला लेकीच्या बारशाला मिळाला. कडाकडा भांडायला गेले. घालून बघितला, तर अंगाला असा बसला की भांडण विसरून दुसरं कापड देऊन आले. आपल्याला उशीर होणार, हे धरूनच बाईनं माप घेतलं होतं!

या उशिराचं मूळ होतं त्यांच्या मोरीतल्या बादलीत. बाकीचे शिंपी अस्तर आणलं की कात्री लावतात. इंदूताई ते आटायचं तेवढं आधीच आटावं म्हणून रात्रभर भिजवायच्या, सावलीत वाळवायच्या, इस्त्री करायच्या आणि मगच कात्री शोधायच्या. ती सापडायलाही वेळ लागायचा, तो भाग वेगळा. कुणी कटकट केली की म्हणायच्या, "घाईत शिवलेला ब्लाऊज पहिल्याच धुण्यात खरं बोलतोय बघा." आता त्या येडशीला असतात. आमच्या गल्लीतल्या बाया अजूनही पिशवीत कापड घालून तिकडं जातात आणि रिकाम्या हातानं, पण खुशीत परत येतात.

त्यांचं लग्न राहिलं होतं. आधी आई अंथरुणाला खिळली, मग धाकट्या भावाचं शिक्षण. माप द्यायला आलेली प्रत्येक बाई विचारायचीच, की आता कधी? दातांत टाचण्या धरून इंदूताई उत्तर द्यायच्या, "माझं अस्तर भिजतंय अजून." तरुणपणी हे बोलताना त्यांची नजर खाली जायची. चाळिशी उलटल्यावर मात्र त्या स्वतःच आधी हसायला लागल्या, आणि मग विचारणाऱ्यांची मजाच गेली.

अशात येडशीचे विश्वनाथअप्पा आले. विधुर माणूस. एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात सगळी नोकरी गेलेली. थोरल्या बहिणीचं, आक्कांचं कापड टाकून गेले होते, ते न्यायला आले. इंदूताई सवयीनं म्हणाल्या, "उद्या या." याचा अर्थ पुढच्या महिन्यात या असा असतो, हे त्या भल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. ते खरंच दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्याही. एवढे चहा झाले, की आक्कांच्या ब्लाऊजला कात्री लागायच्या आधी लग्न ठरलं. मी डोळे मिचकावून विचारलं, तर इंदूताईंनी दातानं दोरा तोडला आणि म्हणाल्या, "वाळलं म्हणायचं."

आणि इथं पन्नाशी ओलांडलेल्या या बाईनं जन्मातली पहिली घाई केली. ज्या अप्पांची हयात स्टँडच्या घड्याळापुढं गेली, त्यांच्यासाठी एक दिवस तरी वेळेवर जायचं, असं तिनं ठरवलं. स्वतःच्या लग्नाच्या ब्लाऊजचं अस्तर न भिजवताच शिवून टाकलं. लग्नाच्या सकाळी पाणी शिंपडून इस्त्री फिरवली मात्र, आतलं अस्तर आटलं आणि ब्लाऊजभर चुण्या पडल्या. भावजय आपला ब्लाऊज घेऊन धावत आली. दुपारचा मुहूर्त, घरात रडारड. इंदूताईंनी तो घडी करून बाजूला ठेवला. मला हळूच विचारलं, "आक्का वरात माघारी नेतील का हो?" विचारता विचारताच त्यांनी शिवण उसवायला घेतली आणि नवं अस्तर बादलीत बुडवलं.

निरोप घेऊन मंगल कार्यालयात जायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. आक्का दारातच उभ्या, अंगात जुनाच ब्लाऊज; नव्याचं कापड अजून इंदूताईंकडंच पडलेलं. मुहूर्त टळला तर आपण येडशीला चाललो, असं त्यांचं सगळ्या पाहुण्यांना ऐकवून झालं होतं. वर मला विचारलं, "इतकी वर्सं काय करत व्हती ही बाई?" मी घाबरत घाबरत अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "अस्तर भिजवलंय का?"

मी मान डोलावली.

"मंग वाळू द्या." अप्पांनी बाशिंग सोडून मांडीवर ठेवलं आणि खुर्चीत नीट टेकून बसले. आक्का तोंड उघडणार, तर म्हणाले, "आक्का, गाडी येणार हाय म्हणलं की माणूस बसतंय. ही येणारी हाय."

मुहूर्त टळला. आक्का गेल्या नाहीत, पण बसल्याही नाहीत. अक्षता पडायच्या आधीच पंगती उठल्या, असं लग्न धाराशिवात मी तरी दुसरं पाहिलं नाही. उन्हं कलली, तेव्हा कुठं इंदूताई आल्या. डाळिंबी रंगाचा ब्लाऊज, चुणीचं नाव नाही. पावलांत घाई नाही, मान खाली नाही. दारात आक्का आडव्या उभ्या राहिल्या. मुठीतल्या ज्वारीच्या अक्षता घामानं ओल्या झालेल्या, तशाच घेऊन त्यांनी इंदूताईंभोवती एक फेरी मारली. खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग बाही बघितली, पाठ बघितली, आणि पुढं काय बोलायचं ठरवून आल्या होत्या कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"माझंबी अस्तर राहू दे भिजत. मला घाई न्हाय."