भाकरीच्या जागी काय

मला साखर निघाली तेव्हा मी पस्तिशीतही नव्हते. नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. आम्ही अंबडला राहायचो आणि मी एसटीने वडीगोद्रीच्या शाळेत शिकवायला जायचे. जालन्याच्या डॉक्टरांनी भाकरी, भात, बटाटा, साबुदाणा कमी करायला सांगितलं. माझे वडील साखरेनेच गेले होते, त्यामुळे मी इतकी घाबरले की भाकरी कमी केलीच नाही, बंदच करून टाकली.

ताटात उरली काकडी, मेथीची भाजी आणि पातळ ताक. जेवून उठलं तरी जेवल्यासारखं वाटायचं नाही. स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून परत स्वयंपाकघरात नुसत्या चकरा. सासूबाई तव्यावर भाकरी टाकायच्या, ती फुगली की वास घरभर व्हायचा आणि मी काही काम नसताना गच्चीवर निघून जायचे. शाळेत पोरांवर विनाकारण ओरडायचे. ब्लाऊजच्या बाह्या सैल झाल्या, विंचरताना केसांचे पुंजके निघायला लागले. साखर उतरली म्हणून घरात सगळे खूश होते, आणि माझ्या पायात एसटीची पायरी चढायचं बळ नव्हतं. एका सकाळी स्टँडवर एसटीत चढता चढता मी खाली बसलेच. कंडक्टरने हाताला धरून आत घेतलं.

परत डॉक्टर गाठले. त्यांनी विचारलं, "भाकरी काढली ते ठीक. तिच्या जागी काय घातलं?"

मी काकडी म्हणाले.

ते जरा चिडलेच. शरीराला प्रोटीन मिळालं नाही तर ते स्वतःचंच मांस खातं, असं त्यांनी समजावलं. अंडी, मासे, कोंबडी खा म्हणाले. ते चालत नसेल तर दही, पनीर, शेंगदाणे, सोयाबीन. डाळी-उसळीही खा, पण वाटीने मोजून, कारण त्यांतही पिष्ट असतंच. आणि थोडी भाकरी खाल्ल्याने कुणी मरत नाही, हेही सांगितलं.

आमच्याकडे अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. सासूबाईंनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. माझ्या माहेरी रविवारी कोंबडी शिजायची, पण लग्नानंतर ते सगळं मी आपसूक सोडलं होतं. कुणी सोड म्हटलंही नव्हतं.

मग सुरू झाले प्रयोग. यांनी गावाकडून सोयाबीन आणलं. त्या काळी ते पीक आमच्याकडे नवंच होतं, ते खायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भाजून, दळून पिठल्यात घातलं तर उग्र वास आला आणि रात्रभर पोट डब्ब राहिलं. पनीर जालन्याहून आणलं, ते उन्हाळ्यात अंबडला पोचेपर्यंत आंबलं. दही खाऊन खाऊन घसा धरला. शेवटी डब्यात घट्ट वरण न्यायला लागले. आजाऱ्यासारखं चमच्याने खायचं आणि तासाभरात भुकेने वर्गाच्या खिडकीपाशी जाऊन उभं राहायचं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या, माझ्याहून वयाने मोठ्या, बौद्ध कुटुंबातल्या. त्या माझा डबा बरेच दिवस बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "मॅडम, उद्या मी दोन अंडी जास्त उकडून आणते. खायची का न्हाई, ते तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी मी ती खाल्ली. वर नुसतं मीठ आणि तिखट. त्या दुपारी शेवटच्या तासापर्यंत मी खुर्चीत शांत बसले, वह्या तपासल्या, कुणावर ओरडले नाही.

मग दुसरीच तगमग सुरू झाली. घरी येताना वेलदोडा चघळायचा, सासूबाईंच्या जवळून जाताना तोंड मिटून घ्यायचं. महिनाभरात मला त्याचा वीट आला. एका संध्याकाळी त्या मटकी निवडत बसल्या होत्या, तिथे जाऊन सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मान वर केली नाही. मटकी निवडतच विचारलं, "कोण देऊ राह्यलंय तुला?"

मी सांगितलं. त्यांचा हात मटकीत थांबला. बौद्ध घरचं पाणीही सासूबाई कधी प्यायल्या नव्हत्या.

"मंग त्या बाईला रोजचा खर्चा कशापायी?" त्या म्हणाल्या. "मागच्या अंगणात स्टो लाव. भांडं तिकडंच ठेव. माझ्या चुलीकडं आणू नको."

ही मुभा माझ्या जिवासाठी होती की मी त्या बाईंच्या डब्यातलं खाऊ नये म्हणून होती, हे मला कळेना. विचारायचा धीर झाला नाही. अंगणात उकडू लागले, पण शाळेत त्यांच्याबरोबर खाणंही सोडलं नाही. मी हुलग्याच्या घुगऱ्या न्यायचे, त्या अंडी आणायच्या. मटकीची उसळ सासूबाई स्वतः करून द्यायच्या, वर शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने. अर्धी भाकरी परत ताटात आली. हळूहळू पायात बळ आलं, साखरही ताब्यात राहिली. भाकरी-गोडाची ओढ मात्र पुरती गेली नाही. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणारा जवळ आला की आजही मी उठून हात धुवायला जाते.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्या बाई मला भेटायला घरी आल्या. सासूबाईंनी चहा केला आणि समोर बसल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, "बाई, ते रोज खाऊन हिला उष्ण तर पडत न्हाई ना?"

त्या बाई हसल्या नाहीत. "ताक पीत जा म्हणावं बराबर. काही होत न्हाई," म्हणाल्या.

त्या गेल्यावर सासूबाई कपबशा घेऊन मोरीत गेल्या. मी दारात उभी होते, नजर त्यांच्या हातावर. त्यांनी सगळे कप एकत्रच विसळले, फळीवर पालथे घातले आणि पदराला हात पुसत मला म्हणाल्या, "अशी काय उभी? उद्यासाठी मटकी भिजव."